ग्लॅडिस डूडल नव्हे

ऑब्री प्रोबर्ट यांना आयुष्यभर एकच प्रश्न छळत आला, आणि तो त्यांना रोज सकाळी साडेसातला, नदीकाठच्या पायवाटेवर, कोणी ना कोणी अत्यंत प्रेमानं विचारत असे.

"अगंबाई, किती गोड! लॅब्राडूडल ना?"

ऑब्री थांबत. टोपी काढत. मग चर्चमध्ये प्रार्थना म्हणावी तशा सपाट सुरात सांगत, "नाही, बाईसाहेब. ऑटरहाउंड."

"अच्छा! म्हणजे लॅब्राडॉर आणि ऑटरचं...?"

इथं ऑब्री टोपी पुन्हा घालत आणि चालू लागत. ग्लॅडिस मात्र थांबून त्या बाईंचा कोट आपल्या दाढीनं ओला करून मगच निघे.

ग्लॅडिसची दाढी हा एक स्वतंत्र प्रांत होता. ती पाणी प्यायली की निम्मं पाणी पोटात जाई आणि निम्मं दाढीत साठून पुढच्या घरी पोचे. अंगानं एखाद्या वासरासारखी, केसांनी पावसात विसरलेल्या गोधडीसारखी, पायाच्या बोटांमध्ये बदकासारखे पडदे, आणि आवाज असा की ती दिवाणखान्यात भुंकली तर माडीवरच्या बशा वाजत. कागदोपत्री तिचं नाव 'थॉर्नब्रुक लेडी ऑफ द लिंगरिंग मिस्ट' असं होतं. हाक मारायला ग्लॅडिस.

ऑटर म्हणजे आपलं पाणमांजर. त्याच्या शिकारीसाठी इंग्रजांनी शेकडो वर्षं खपून हा कुत्रा घडवला. पुढं त्या शिकारीवरच बंदी आली, आणि गिरणी बंद पडल्यावर कसबी कामगारांचं व्हावं तसं या कुत्र्यांचं झालं. अंगात विद्या आहे, काम नाही. आता सगळ्या देशात वर्षाकाठी या जातीची जेमतेम एका बसमध्ये मावतील इतकी पिल्लं जन्मतात. "पांडासुद्धा यांच्यापेक्षा जास्त आहेत," ऑब्री सांगत. "आणि पांडाला कोणी डूडल म्हणत नाही."

आमचं गाव मच विदरली, म्हणजे थोरलं विदरली. ते लिटल विदरलीपेक्षा लहान आहे. असं का, ते विचारायचं नसतं. मी इथं औषधाचं दुकान चालवायला आलो त्याला आता एकोणतीस वर्षं झाली. इथं माणसाचं नाव विचारणं थोडं आगाऊपणाचं समजतात, कुत्र्याचं विचारलेलं चालतं. त्यामुळं पहिली तीन वर्षं मी ऑब्रींना 'ग्लॅडिसच्या आधीच्या आधीच्या कुत्रीचे वडील' म्हणूनच ओळखत होतो. गावच्या जत्रा-समितीत मला घेतल्यावर त्यांचं खरं नाव कळलं. मला समितीत घेतलं ते माझं अक्षर चांगलं होतं म्हणून. तेव्हापासून इतिवृत्त मी लिहितो.

ऑब्री निवृत्त झाले ते वजनमापं निरीक्षक म्हणून. नोकरी सुटली तरी मापं सुटली नाहीत. खिशात मोजपट्टी कायम. बेकरीतला पाव हातावर तोलून ते म्हणत, "चाळीस ग्रॅम कमी, पण आज हवा दमट आहे, सोडून देऊ." गावातला पब चालवतो डेस्मंड प्यू. तीस वर्षांपूर्वी एका शुक्रवारी ऑब्रींनी त्याच्या पाइंटच्या ग्लासात फेस किती आणि बिअर किती हे पट्टी लावून भर गर्दीत मोजून दाखवलं होतं. डेस्मंडच्या आयुष्याचे तेव्हापासून दोन भाग झाले होते, त्या शुक्रवारच्या आधीचा आणि नंतरचा.

शुद्ध जातीच्या कुत्र्यांवर ऑब्रींचं प्रेम होतं तेही मापाच्याच वाटेनं. "पुडक्यावर एक किलो पीठ लिहिलं असेल तर आत एक किलो पीठ असायला हवं. जात म्हणजे काय? पुडक्यावरचं लेबल. पिल्लू घेताना आपल्याला ठाऊक असतं, हे एवढं वाढणार, असं भुंकणार, इतकं खाणार. हा शब्द दिलेला असतो. आणि तुमचं ते कॉकापू? आत काय निघेल ते पुडकं उघडल्यावर कळणार!"

हे 'तुमचं ते' हेस्टर ग्विल्यमना उद्देशून असे. हेस्टरबाई समितीच्या अध्यक्ष. निवृत्त नर्स, आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. त्यांचा कुत्रा पुडिंग. कॉकर स्पॅनियल आणि पूडल मिळून कॉकापू. कॅव्हेलियर आणि पूडल मिळून कॅव्हापू. या नावांच्या शेवटचा तो 'पू' मराठी कानाला सोसत नाही. इंग्रजीतही त्याचा अर्थ काही अभिमानानं सांगावा असा नाही. पण सगळा गाव दिवसभर तो शब्द गोड आवाजात उच्चारत असतो.

"लेबल, लेबल!" हेस्टरबाई म्हणत. "अरे, तुझ्या त्या लेबलवाल्या पगला श्वास घेता येतो का? माझ्या बहिणीचा पग झोपला की शेजारचे लोक प्लंबरला फोन करतात. आणि तुझ्या ग्लॅडिसची आजी आणि मावशी एकच कुत्री आहे, हे तूच मागच्या ख्रिसमसला शेरीच्या तिसऱ्या ग्लासानंतर सांगितलंस."

"मावस-आजी," ऑब्री दुरुस्त करत. "आणि दुसऱ्या ग्लासानंतर."

पुडिंग कसा होता? भेळेसारखा. कान स्पॅनियलचे, पाय पूडलचे, शेपूट कुठल्या तिसऱ्याच घराण्यातलं. तो तळ्यातल्या बदकांना घाबरे आणि ट्रॅक्टरला घाबरत नसे. त्याला पाहून कोणाचंही मन प्रसन्न होई. ऑब्रींचंही होत असावं, कारण कोणी बघत नसलं की ते त्याला आपल्या सँडविचमधलं चीज देत.

आता खरी गोष्ट. दर ऑगस्टात आमची जत्रा भरते, आणि तिच्यात कुत्र्यांचं रिंगण असतं. ते सुरू केलं ऑब्रींच्या पत्नीनं, एनिडबाईंनी. दोरखंड त्यांनी आणला, खुंट्या त्यांनी रंगवल्या, एक पांढरी, एक हिरवी. त्या गेल्या त्याला सहा वर्षं झाली. त्या गेल्यावर ऑब्रींच्या दारात पहिलं सांत्वनाचं कार्ड पडलं होतं, त्यावर सही होती 'पुडिंग'. दर वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी ऑब्री एकटे मैदानावर जात, खुंट्या ठोकत, दोर ताणत, आणि मोजपट्टीनं रिंगण मोजत. एनिडबाईंनी आखलं होतं तेवढंच, इंचभर इकडेतिकडे नाही. रंग उडालेल्या खुंट्या त्याच सकाळी पुन्हा रंगवलेल्या असत.

पण रिंगणात यायचे फक्त शुद्ध जातीचे कुत्रे, आणि गावात ते उरले होते चार. बाकी सगळीकडं डूडल, म्हणजे लॅब्राडूडल, कॉकापू असे पूडलशी संकर झालेले सगळे. समितीचा जुना नियम असा की मुख्य स्पर्धेत बारापेक्षा कमी नोंदी आल्या तर ती जागा दुसऱ्याला द्यायची. एनिडबाई होत्या तोवर हा नियम कोणाला आठवला नाही. यंदा एप्रिलच्या सभेत तो डेस्मंडला आठवला. त्याला ती जागा गमबूट-फेकीसाठी हवी होती. रबरी गमबूट जास्तीत जास्त लांब फेकायचा, हा आमच्याकडचा मर्दानी खेळ.

"मागच्या वर्षी माझे बूट कुंपणापलीकडं चहाच्या तंबूत पडले," डेस्मंड म्हणाला. "खेळ वाढतोय. कुत्रे घटताहेत. मी फक्त आकडे सांगतोय, ऑब्री. तुला आकडे आवडतात."

हेस्टरबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "यावर उपाय सोपा आहे. मुख्य स्पर्धा डूडलांची करा. एका दिवसात बारा जमतील."

ऑब्री उभे राहिले. इंग्रज माणूस जितका तापतो तितका तो विनयशील होतो, आणि ऑब्री त्या क्षणी विनयानं लालबुंद झाले होते.

"वा! अप्रतिम कल्पना," ते म्हणाले. "मी तर म्हणतो, त्यांचं जातीचं प्रमाणपत्रकही मीच लिहितो. कान कसे, शेपूट कसं, सगळं. आणि परीक्षकही मीच होतो. याहून मोठा आनंद मला या जन्मी होणार नाही."

एवढं बोलून ते बसले. खोलीतल्या खुर्च्यांनासुद्धा कळलं की माणूस संतापलाय. मी मात्र इतिवृत्त लिहीत होतो. लिहिलं : 'श्री. प्रोबर्ट यांनी डूडल जातीचं प्रमाणपत्रक लिहिण्याची व परीक्षणाची सूचना आनंदानं मांडली.' आणि वर पाहिलं.

"माझं अनुमोदन," हेस्टरबाई गोड हसून म्हणाल्या.

मेच्या सभेत मी ते वाचून दाखवलं. "इतिवृत्तात काही दुरुस्ती?" हेस्टरबाईंनी विचारलं. हा ऑब्रींचा क्षण. गेली सव्वीस वर्षं एकही इतिवृत्त त्यांच्या बोटाखालून निसटलेलं नव्हतं. ते बोट वर करून म्हणत, "एक छोटीशी दुरुस्ती," आणि पाऊण तास जाई. एकदा त्यांनी व्हिकरच्या, म्हणजे गावच्या पाद्रीबाबांच्या, तोंडी घातलेला 'काही केक' खोडून 'एक केक' करायला लावला होता. "इतिवृत्तात माणूस काय बोलला ते लिहायचं. त्याला काय म्हणायचं होतं ते नाही," हे त्यांचंच वाक्य, आणि तेही इतिवृत्तात आहे.

ऑब्रींचं बोट वर गेलं. थांबलं.

"शब्द माझेच आहेत," ते सावकाश म्हणाले. "अर्थ माझा नव्हता."

"अर्थासाठी रकाना नाही, ऑब्री," हेस्टरबाई म्हणाल्या. "तूच शिकवलंस."

बोट खाली आलं. इतिवृत्त कायम झालं.

दुसरा कोणी असता तर आजारी पडला असता. ऑब्री दुसऱ्या दिवशी मोजपट्टी, शिसपेन्सिल आणि चहाचा थर्मास घेऊन निघाले. गावातल्या बाराही डूडलांच्या घरी गेले. प्रत्येकाची उंची घेतली, कानाची लांबी घेतली, नाकापासून शेपटापर्यंतचं अंतर घेतलं. सर्वांत छोटं होतं शिवणयंत्राएवढं, सर्वांत मोठं शिवणयंत्राच्या टेबलाएवढं. काहींचे केस कुरळे, काहींचे सरळ, एकाचे डावीकडं कुरळे नि उजवीकडं सरळ. "याची सरासरी काढायची कशी?" ते माझ्या दुकानात खोकल्याच्या गोळ्या घेता घेता विचारत. "सरासरी काढली तर बोकड येतो."

पण काम अंगावर घेतलं की ते अर्धवट करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. जुलैअखेर त्यांनी पत्रक आणून माझ्यापुढं ठेवलं. त्यातलं मला आठवतं ते असं. आकार : दारातून आत येईल इतका. केस : कोकरू, पायपुसणं आणि जुना टूथब्रश यांच्यामध्ये कुठंही. डोळे : दोन, केसांच्या आड असावेत असं धरून चालावं. शेपूट : असावं, आणि ते मालकाला पाहून कप पाडील इतपत हलावं. स्वभाव : आपलं चुकलं हे समजणारा, तरी पुन्हा करायला तयार. आणि शेवटी : कागदपत्रं मागू नयेत, डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं तेवढंच परीक्षकानं मानावं.

आणि मग व्हायचं तेच झालं. पत्रक लिहून होताच ऑब्री त्याच्या बाजूनं लढू लागले. बेकरीत एका बाईंच्या कुत्र्याकडं पाहून म्हणाले, "हा काही अस्सल डूडल नाही. केस टूथब्रशच्या पलीकडं गेलेत." हेस्टरबाईंना रस्त्यात अडवून सांगितलं, "पुडिंगचं शेपूट प्रमाणात बसत नाही, हेस्टर. डावीकडं झुकतं."

"माझं शेपूट नीट आहे, तुझं प्रमाण वाकडं आहे!" हेस्टरबाई कडाडल्या, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन लाल झाल्या. पुडिंग तेवढ्यात ऑब्रींच्या खिशातलं चीज काढत होता.

जत्रेचा दिवस उजाडला. खुंट्या ठोकलेल्या, दोर ताणलेला. ऑब्री ट्वीडचा कोट घालून, छातीवर परीक्षकाचं फूल लावून उभे. ग्लॅडिस त्यांच्या मोटारीच्या मागच्या भागात बसलेली, कारण परीक्षकाचा कुत्रा रिंगणाबाहेर हवा. मी टेबलाशी नोंदवही घेऊन बसलो होतो. रिंगणापलीकडं डेस्मंड गमबुटांचा ढीग रचून, फेकीची रेघ आखायचा चुना हातात घेऊन उभा होता. चुन्याची पिशवी त्यानं उघडूनसुद्धा ठेवली होती.

एकेक डूडल येत गेलं. नऊ. दहा. पुडिंग अकरावा. बाराव्याची वाट बघत होतो तेवढ्यात निरोप आला की त्याला गांधीलमाशी चावलीय, ओठ सुजून तो पाव झालाय, घेऊन गेले.

डेस्मंडनं घड्याळ पाहिलं. "अकरा. तीन वाजलेत. नोंदणी बंद. मला वाईट वाटतंय, ऑब्री." त्याचा चेहरा मात्र वाईट वाटल्यासारखा दिसत नव्हता.

ऑब्रींनी जवळच्या हिरव्या खुंटीवर हात ठेवला. रंग अजून थोडा ओला असावा, कारण बोटांना लागला. तो त्यांनी पुसला नाही.

आणि तेव्हा मोटारीचा मागचा दरवाजा, जो ग्लॅडिसला उघडता येत नाही असं ऑब्री नऊ वर्षं सांगत आले होते, तो उघडला. ग्लॅडिस आधी तळ्यात गेली. मग गमबुटांच्या ढिगातून एक बूट निवडून घेतला. मग दोराखालून वाकून रिंगणात आली आणि डूडलांच्या रांगेत, पुडिंगच्या शेजारी, तोंडात बूट धरून बसली. दाढीतून पाणी टपकत होतं.

दोराशी बाहेरगावच्या एक बाई आइस्क्रीम खात उभ्या होत्या. "बघा, बारा झाले की! ते मोठं लॅब्राडूडल धरून."

गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं ग्लॅडिस काय आहे. प्रत्येकाला ऑब्रींनी स्वतः सांगितलेलं होतं, बहुतेकांना दोनदा. कोणी आकाशाकडं पाहू लागलं, कोणी केकच्या बशीकडं.

"बारा कसले?" डेस्मंड म्हणाला. "ती तर ग्लॅडिस. ती ऑ—"

"ऊन छान पडलंय, नाही?" हेस्टरबाई म्हणाल्या आणि त्याच्या पायावर उभ्या राहिल्या.

"पाय, हेस्टर! पाय! बरं, ऑब्रीलाच सांगू दे. हा माणूस खोटं बोलत नाही, हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. ऑब्री, ही डूडल आहे?"

नोंदवही उघडी होती. मी पेन धरलं होतं, पण लिहावं काय ते कळेना. ऑब्रींनी माझ्याकडं पाहिलं, मग दोराकडं पाहिलं. पांढरी खुंटी, हिरवी खुंटी, पांढरी, हिरवी. मग खिशातून पत्रक काढून, चष्मा लावून ते ग्लॅडिसपाशी गेले.

"आकार," ते मोठ्यानं वाचू लागले. "दारातून आत येईल इतका. मोटारीच्या दारातून आत गेली, बाहेरही आली. मान्य. केस : कोकरू, पायपुसणं..." त्यांनी तिच्या पाठीत हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. "पायपुसणं. मान्य. डोळे." केस बाजूला केले. "दोन. शेपूट." शेपटानं परीक्षकाच्या हातातलं पत्रक उडवलं. "मान्य. स्वभाव."

ग्लॅडिसनं बूट जमिनीवर ठेवला, अपराधी चेहऱ्यानं डेस्मंडकडं पाहिलं आणि पुन्हा उचलला.

"पूर्ण मान्य. कागदपत्रं..." ग्लॅडिसच्या थॉर्नब्रुक घराण्याची वंशावळ, अकरा पिढ्यांची, सोनेरी चौकटीत, त्यांच्या दिवाणखान्यात एनिडबाईंच्या फोटोच्या बाजूला टांगलेली होती. "कागदपत्रं मागू नयेत."

"ऑब्री, मी सरळ विचारतोय," डेस्मंड म्हणाला.

ऑब्रींनी टोपी काढली. रोज सकाळी साडेसातला काढतात तशीच.

"हो," ते म्हणाले. "डूडल."

मी लिहिलं. बारा.

डेस्मंडनं चुन्याची पिशवी मिटली. जाता जाता पुटपुटला, "परीक्षकाचीच कुत्री! आता पहिला नंबर पण देईल." पण ऑब्रींनी पुढचा पाऊण तास जे परीक्षण केलं, तसं त्या मैदानावर कधी झालं नव्हतं. प्रत्येक कुत्र्याचे दात पाहिले, प्रत्येकाला चालवलं, एकाला उचलून वजन अंदाजलं आणि तो अंदाज मालकिणीला ऐकवून तिला दुखावलं. पहिला नंबर आला कर्नल नावाच्या एका डूडलाचा, जो सुरुवातीपासून शेवटपर्यंत झोपला होता. "स्वभाव स्थिर," ऑब्री म्हणाले. पुडिंग सातवा, शेपटामुळं. हेस्टरबाई त्यांच्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. पुडिंग बोलत होता.

ग्लॅडिस बारावी आली. शेऱ्यात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं : 'आवाज फार खोल. डूडलला न शोभणारा.'

सप्टेंबरच्या सभेला ग्लॅडिस टेबलाखाली झोपली होती. सगळ्यांच्या हातात प्रती देऊन मी इतिवृत्त वाचलं. रिंगणात बारा नोंदी, जागा पुढच्या वर्षी कायम. मग निकाल, पहिल्यापासून खाली. "बारावा क्रमांक : ग्लॅडिस, लॅब्राडूडल, मालक श्री. ऑब्री प्रोबर्ट."

"इतिवृत्तात काही दुरुस्ती?" हेस्टरबाईंनी कागदावरून डोळे न काढता विचारलं.

ऑब्रींचं बोट वर गेलं.

डेस्मंड खुर्चीत पुढं सरकला. हेस्टरबाईंनी चष्मा काढला. मी पेनचं टोपण काढलं आणि त्या ओळीवर टोक नेऊन ठेवलं. खोडायला हात धजत नव्हता, पण सव्वीस वर्षांची सवय होती.

"एक छोटीशी दुरुस्ती," ऑब्री म्हणाले. घसा खाकरला. बराच वेळ खाकरला. टेबलाखालून ग्लॅडिसनं एक दीर्घ सुस्कारा टाकला, आणि टेबलावरच्या कपबशा किणकिणल्या.

"ग्लॅडिसच्या स्पेलिंगमध्ये तुम्ही आय घातलाय. वाय हवा."

मी आय खोडून वाय केला.

"बाकी?" हेस्टरबाईंनी विचारलं.

"बाकी," ऑब्री म्हणाले, "सगळं बोलल्याप्रमाणं आहे."